माणदेशाची वेस आणि ठिपक्यांचा तरस

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड. तिथं ५०० मिलिमीटर झाला तर माणसं साल बरं गेलं म्हणतात. एकाच सातारा जिल्ह्याची ही दोन टोकं. मधे वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी अशी गावं मागं पडत जातात, तसा पाऊसही मागं पडत जातो. आधी जांभूळ, हिरडा, अंजनी. मग आंब्या-चिंचेची झाडं. मग बाभळी आणि बोरी. शेवटी उघडा माळ आणि पायजम्यात रुतून बसणारं कुसळ.

जनावरंही याच हिशेबानं बदलतात. कोयना-चांदोलीच्या रानात कोळसुंद्यांच्या टोळ्या, अस्वल, आणि अधूनमधून का होईना पट्टेरी वाघ. माण, आटपाडी, जतच्या माळावर लांडगा, खोकड, तरस. बिबट्याला मात्र कुठलंही घर चालतं. त्याच्याकडं पुढं येऊ.

पावसाची ही रेघ आज जिथं आहे तिथंच ती कायम होती असं समजायचं कारण नाही. गेल्या दोन लाख वर्षांत ती अनेकदा पूर्व-पश्चिम सरकली. माणदेशाची, म्हणजे या कोरड्या माळमुलखाची, वेस कधी पार घाटमाथ्याकडं चढली, कधी सोलापूरच्या बाजूला मागं हटली. आणि वेशीबरोबर शिकारी जनावरांचं सगळं बिऱ्हाड हललं. कोण टिकलं, कोण गेलं, कुणी कुणाची जागा घेतली, याची ही हकिकत.

अडचण अशी, की सातारा-सांगलीच्या पोटात काळा कातळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्यात सस्तन प्राण्यांची हाडं शोधायची नसतात. कातळावर नद्यांनी पसरलेला गाळ काय तो उपयोगाचा. तोही उथळ, आणि त्यात हाड टिकायला नशीब लागतं. शिवाय शिकारी जनावर मुळातच कमी. शेकडो हरणांमागं एखादा वाघ पोसतो, त्यामुळं गाळात हरणाचे शंभर दात मिळतील तेव्हा वाघाचा एखादा मिळायचा. म्हणून या गोष्टीचे साक्षीदार गोळा करायला कृष्णेच्या पाण्याबरोबर खाली उतरावं लागतं.

पहिला मुक्काम गोकाक. सीमाभागातल्या माणसाला घटप्रभेचा धबधबा ठाऊक असतो. तिथला गेंडा ठाऊक नसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला रॉबर्ट ब्रूस फूट हा अधिकारी १८७०च्या आगेमागे दक्षिण मराठा मुलखात हिंडत होता. मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ साली भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन दगडी हत्यार ओळखणारा तो हाच. गोकाकजवळच्या गाळात त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले आणि १८७४ साली त्यानं त्यांचं वर्णन छापलं. दख्खनच्या नावानं त्या गेंड्याचं नामकरण झालं, ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. बेळगाव जिल्ह्यात गेंडा! आज तिथं गेंडा सोडा, म्हैस डुंबायला उन्हाळ्यात डोह शोधावा लागतो.

गेंडा मांसाहारी नव्हे, हे मला मान्य. पण मेलेला गेंडा म्हणजे तरसांच्या टोळीला काही दिवसांची बेगमी. शिकारी जनावरांचा इतिहास त्यांच्या ताटावरून वाचावा लागतो, आणि दख्खनचं ताट त्या काळी भरलेलं होतं. गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरला सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती सापडला. गाय पिल्ग्रिमनं १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. मांजरा नदीच्या काठानं पाणघोड्याची हाडं निघाली. प्रवरा-गोदावरीच्या काठी रानबैलाचे अवशेष दगडी हत्यारांच्या थरांत मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख सांकळियांनी हा शोध लावून धरला, आणि पुढं जी. एल. बादाम यांच्यासारख्यांनी हाडांचा हिशेब मांडला. हत्ती, गेंडा, पाणघोडा, रानबैल. एवढा माल असताना खाणारे कमी असणार कसे?

खाणारे भेटतात ते दुसऱ्या मुक्कामी, कर्नूलला.

२०२२पर्यंत कर्नूल जिल्ह्यात असलेल्या बेतमचेर्लाजवळ बिल्लासुर्गम नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत. कॅप्टन न्यूबोल्डनं १८४४ साली तिथल्या हाडांची नोंद केली आणि मग चाळीस वर्षं कुणी फिरकलं नाही. विलायतेत थॉमस हक्स्लेनं मद्रासचा गव्हर्नर ग्रँट डफ याच्यापाशी विषय काढला, तेव्हा कुठं १८८४ मध्ये फूटला तिकडं धाडण्यात आलं. फूट पन्नाशीचा. काम सुरू करून त्याला परतावं लागलं. त्याचा मुलगा हेन्री, तोफखान्यातला लेफ्टनंट, त्यानं पुढची खोदाई केली. बापलेकांनी धाडलेली हाडं रिचर्ड लिडेकरनं ओळखून १८८६ मध्ये यादी छापली.

ही यादी वाचताना गंमत वाटते. वाघ, बिबट्या, रानमांजर, मुंगूस, अस्वल. वाघाटीसुद्धा, म्हणजे ती इवल्याशा अंगाची, गंजलेल्या ठिपक्यांची मांजरी, जी आज आपल्या ऊसतोड मजुरांना पिलांसह फडात सापडते. कर्नूलच्या गुहेत पडलेली बहुतेक शिकारी मंडळी आजही सह्याद्रीच्या आसपास नांदताहेत. आणि त्यांच्या मधोमध एक परका: ठिपक्यांचा तरस. आज तो फक्त आफ्रिकेत आहे.

मराठीत तरसाला एकच शब्द, कारण मराठी जन्मायच्या कितीतरी आधी दुसरा तरस इथून गेला होता. कोल्हे, लांडगे, वाघमारे, वाघमोडे ही आडनावं झाली, तरस हेही झालं. पण ते सगळं पट्ट्यांच्या तरसाच्या वाट्याचं. दुसरा राहिला असता तर दोन शब्द असते, आणि माझी खात्री आहे की त्यातला एक शिवी म्हणून वापरात असता.

दोघांत फरक मोठा. पट्ट्यांचा तरस एकांडा, लाजाळू. मेलेलं खातो, किडे खातो, बोरं-खरबुजंही खातो. ठिपक्यांचा तरस वजनानं त्याच्या दीडपट-दुप्पट, टोळीनं राहणारा, पळवून शिकार करणारा, आणि जाड हाडं फोडणारा. पहिल्याचा संसार कशावरही चालतो. दुसऱ्याला मोठी खिल्लारं लागतात.

अलीकडं याच बिल्लासुर्गममध्ये पुन्हा खोदाई झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातलं गणित चकित करतं. गेल्या सुमारे दोन लाख वर्षांतले २१ सस्तन प्राणी संशोधकांना ओळखता आले, आणि त्यांपैकी २० आजही उपखंडात आहेत. गेला तो एक, गेलाडाच्या कुळीतला वानर. लिडेकरच्या यादीतला ठिपक्यांचा तरस त्यात मिळवायचा. या दोन लाख वर्षांत हिमयुगं आली-गेली, पाऊस दाटला-विरला, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची राख इथवर उडाली. युरोप-अमेरिकेत हिमयुगाच्या शेवटाला मोठ्या जनावरांची कत्तल उडाली होती: गुहासिंह गेले, खड्गदंती मार्जार गेले. इथं यादी जवळजवळ तशीच.

जगात इतरत्र जनावरं मरत असताना इथली बहुतेक जगली कशी, याचं उत्तर मला त्या महाबळेश्वर-म्हसवड रस्त्यावर दिसतं. हवामान बिघडलं की जनावराला पंधरवड्याची चाल पुरे. सव्वाशे किलोमीटरच्या आत सदाहरित जंगलापासून काटेरी माळापर्यंत सगळं मिळतं. सपाट मुलखात पावसाची रेघ सरकली की हजार किलोमीटर तुडवावे लागतात. घाटाच्या सावलीतल्या मुलखात दोन दऱ्या ओलांडल्या की काम भागतं.

आता ती रेघ सरकली कशी, ते बघू.

सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाची थंडी शिगेला होती. ध्रुवांकडं इतकं पाणी गोठलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे-एक मीटर खाली होता. रत्नागिरीचा किनारा कितीतरी कोस पश्चिमेला गेला होता. समुद्र थंड, जमीन थंड, मग मोसमी वाऱ्याला ओढ कुठली? पाऊस रोडावला. निलगिरीतल्या दलदलीच्या थरांवर रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, त्या काळात तिथं रान मागं हटून उन्हाळी गवत माजल्याचं कार्बनच्या मोजमापातून दिसलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९८७ मध्ये, पुण्याच्या शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी दख्खनच्या नद्यांचा इतिहास त्याच नियतकालिकात मांडला होता. कोरड्या काळात नदीला गाळ वाहून न्यायची ताकद उरत नाही, ती पात्रातच भर घालत बसते. पाऊस परतला की हीच नदी स्वतःचा गाळ कापत खाली जाते. आज नदीकाठी पिवळट मातीच्या उभ्या दरडी दिसतात, मधे चुनखडीचे खडे गुंतलेले. तो त्या कोरड्या दिवसांचा साठा.

आणि जळगाव जिल्ह्यात पाटण्याला शां. अ. साळी यांना १९७०च्या दशकात काय मिळालं? शहामृगाच्या अंड्याची कवचं. त्यांचे मणी केलेले, एका तुकड्यावर रेघांची नक्षी कोरलेली, वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. खानदेशात शहामृग पळत होते. शहामृग जंगलात राहत नाही. त्याला लांबवर नजर पोचेल असा माळ लागतो. म्हणजे महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा माणदेश झालेला होता. कोरेगाव-साताऱ्याच्या पट्टीत त्या काळी दहिवडीसारखा माळ असावा, आणि घाटाचं दाट रान खोल दऱ्यांत, ओढ्यांच्या कडेनं अंग चोरून उरलं असावं, असं मी धरून चालतो.

या बदलात शिकाऱ्यांचं काय झालं असेल? दबा धरून मारणाऱ्याला आडोसा लागतो. वाघाचं सगळं भांडवल झुडपात आणि अंधारात. माळ वाढला की त्याचा धंदा बसतो. पळवून दमवून मारणाऱ्याचे दिवस येतात, आणि त्यात लांडग्याचा हात धरणारा कुणी नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं भारतीय लांडग्याची वंशशाखा जगातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी ठरवली. उत्तरेकडचे लांडगे बर्फाबरोबर मागं-पुढं होत, एकमेकांत मिसळत राहिले. आपला लांडगा या कोरड्या माळावर वेगळा, धरून राहिला. आटपाडीच्या मेंढक्याला त्याचं कौतुक असण्याचं कारण नाही, पण त्याच्या वाघरीभोवती रात्री घिरट्या घालतो तो प्राणी हिमयुगाचा मूळ रहिवासी आहे.

कोळसुंद्याचं उलट. एके काळी तो युरोपात होता, उत्तर अमेरिकेतही त्याची हाडं मिळाली आहेत. तिकडून हिमयुगांच्या उलथापालथीत नाहीसा झाला आणि आशियाच्या रानांत उरला. चांदोलीच्या झोळंबीच्या सड्यावर शिट्टी घालत एकमेकांना बोलावणारी टोळी दिसली, तर एवढं लक्षात घ्यावं की तिचे नातलग मेक्सिकोपर्यंत पोचले होते.

ठिपक्यांच्या तरसाकडं परत येतो. माळ पसरला म्हणजे त्याची चंगळ व्हायला हवी होती. आफ्रिकेत तो माळावरच राज्य करतो. मग इथून का गेला? माझा कौल ताटाकडं आहे. पाऊस रोडावल्यावर डोह आटले आणि पाण्यावर जगणारी थोराड जनावरं एकेक करून गेली. उपखंडातला शेवटचा ज्ञात पाणघोडा सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीचा. सरळ सुळ्यांचा हत्ती गेला. गोकाकचा गेंडा गेला. जी खिल्लारं उरली ती काळवीट-चिंकाऱ्याची, चपळ आणि हलक्या हाडांची. त्यात माणूस भाले घेऊन त्याच सावजामागं लागलेला. जाड हाडं फोडायला घडवलेला जबडा असा बिनकामाचा झाला, आणि बोरं खाणारा, एकटा हिंडणारा, मिळेल त्यावर भागवणारा पट्ट्यांचा तरस मागं राहिला.

माणच्या माळावर एकदा मला त्याची विष्ठा दिसली होती. दगडाच्या आडोशाला, चुन्यासारखी पांढरी, वाळून ठिसूळ झालेली. चप्पलेच्या टोकानं फोडली तर आत हाडाची भुकटी आणि मेंढीची लोकर. पांढरा रंग हाडातल्या चुन्याचा. हाड फोडायचं कसब त्याच्याकडंही आहे, फक्त सावज मेंढीएवढं झालंय. तरस आणि साळिंदर गुहेत हाडं ओढून नेतात, कुरतडतात, म्हणून तर गुहांत अशी हाडं साठतात. तरसाच्या घरातला कचरा हाच आपला दस्तऐवज.

हे झालं अलीकडचं. त्याआधी, साठ ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी, हिमालयाच्या पायथ्याशी याहून मोठी उलथापालथ झाली होती. शिवालिकच्या थरांत ती वाचता येते: रान हटलं, गवत आलं. त्या सुमारास डिसॉप्सॅलिस नावाचा एक प्राणी संपला. मांजर-कुत्र्यांच्या आधी शिकारीचा मान ज्यांच्याकडं होता त्या प्राचीन घराण्यातला तो जगातला जवळजवळ शेवटचा वारस, आणि तो भारतीय उपखंडात टिकून होता. जुनी घराणी इकडं उशिरापर्यंत तग धरतात, ही सवय त्या काळापासूनची दिसते.

हिमयुग सरलं आणि दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पाऊस जोरात परतला. नद्यांनी गाळ कापला, रान दऱ्यांतून वर चढलं, माणदेशाची वेस पूर्वेला गेली. लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळात हा ओला काळ आहे, आणि त्यानंतरचे दोन लांबलेले अवर्षणकाळही आहेत: एक साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती विस्कटत गेली. मधुकर ढवळीकरांनी त्यामागं पावसाचं घटणं पाहिलं. शेती सुटली की माणसं शेळ्या-मेंढ्यांमागं हिंडू लागतात.

मेंढी आली आणि लांडग्याला दुसरं ताट मिळालं. माळ सुकला, हरणं घटली, तरी खांड आहेच. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर पश्चिमेकडं, कोकणाकडं उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळावर परततात. पूर्वी ओल-कोरड्याची रेघ हजारो वर्षांत सरकायची, मेंढके तीच ये-जा दरसाल करतात, आणि मागोमाग लांडगा चालतो. चित्त्याला मात्र मेंढीवर निभवता आलं नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. हवामानाच्या सगळ्या फेऱ्यांतून तो सुखरूप निसटला होता.

आता पावसाची रेघ पंपानं सरकते. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीकडं, सांगोल्याकडं नेलं. म्हैसाळ योजनेचं पाणी कवठेमहांकाळ-जतच्या बाजूला पोचलं. पाणी आलं तिथं ऊस आला. आणि बिबट्याच्या नजरेत उभा ऊस म्हणजे आडोसा, गारवा, पिलं घालायची जागा, आणि खायला गावची कुत्री. शिराळा-वाळवा-कराडच्या फडात जन्मलेल्या बिबट्यानं जंगल पाहिलेलंही नसतं. दबा धरणाऱ्यांचे दिवस पुन्हा आले. निम्म्या शतकात, आभाळातून जादा थेंब न पडता, माणदेशाची वेस पूर्वेला ढकलली गेली. या भागात पाणी आलं त्याचा आनंद मलाही आहे. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला उसाचा हिरवा रंग नकोसा कसा होईल? माळावरच्या पळणाऱ्यांची जागा मात्र त्यानं आवळली.

ओल्या बाजूचं बरं चाललंय. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला; डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, आणि तो आधी राधानगरीच्या रानात दिसलेलाच निघाला. म्हणजे चालायला वाट असली की वाघ अजून चालतो.

कोरड्या बाजूला लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. ज्या माळावर तो हिमयुगापासून राहतो त्याची नोंद सातबाऱ्यावर पोटखराबा अशी असते.